मापाचं माणूस

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. तीस वर्षं भाकरी थापून बोटं जाड झाली आहेत, पेन त्यांच्यातून निसटतं. कुणी वाचलंच तर चुका पोटात घाला. पण मल्लिनाथअण्णांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे असं मला फार दिवस वाटतं, आणि त्यांच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी मीच राहिले आहे.

मल्लिनाथअण्णा इमारतींशी बोलतात.

देवळात जाऊन माणूस देवाशी बोलतो, तसं नाही. अण्णांनी चाळीस वर्षं सोलापुरात फोटो स्टुडिओ चालवला. पासपोर्ट, लग्नं, बारशी, परीक्षेच्या फॉर्मवरचे फोटो. समोर गिऱ्हाईक बसलं की तोंडात जे यायचं, तेच अजून येतं. फक्त आता समोर गढी असते, बारव असते, नाहीतर गावाची पडकी वेस असते. "नीट बसा. खांदे सैल सोडा. हनुवटी जरा खाली. हं, आता श्वास रोखा." हे सगळं दगडाला. तेही मोठ्यानं.

एकदा माढ्याकडच्या एका गावात जुन्या वेशीला म्हणाले, "मावशी, डाव्या अंगाला झुकू नका की." वेस कित्येक वर्षांपासून डावीकडे कललेली होती. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला.

"कुणाला म्हणताय?"

"ह्यांना." अण्णांनी वेशीकडं हात केला.

म्हाताऱ्यानं वेशीकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि म्हणाला, "मग जोरात बोला. थकलीया ती, ऐकू येत न्हाय."

अण्णांनी खरंच जोरात सांगितलं.

मी कडक भाकरी करते. सोलापूरची माणसं ती जाणतात, बाहेरच्यांसाठी सांगते. बाजरीची किंवा ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी थापायची आणि कडकडीत भाजायची. पंधरा दिवस टिकते. नवी पेठेतल्या एका दुकानात मी रोज पाटी भरून देते. अण्णांचा स्टुडिओ त्या वाटेवर. आता तिथं फारसं कुणी जात नाही, फोटो सगळ्यांच्या खिशातच निघतात. तरी अण्णा रोज शटर उघडतात, आरसा पुसतात, आरशाखाली ठेवलेल्या कंगव्याचे दात मोजल्यासारखे बघतात आणि बसतात. माझ्याकडून ते डझनभर भाकरी घ्यायचे. एक दिवस भाकरी घेता घेता त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, शिंपी बघतो तसं, आणि विचारलं, "ताई, तुमची उंची किती?"

माझं लाजणं आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे. दुकानदाराला पैसे मागतानासुद्धा मी जमिनीकडं बघून मागते. मी "पाच फूट" म्हणाले आणि पाटी उचलून जवळजवळ पळत घरी आले.

घरी ह्यांना सांगितलं. हे लूमवर कापड विणायचे, आता गुडघ्यांमुळं घरी असतात. हे काठी घेऊन तरातरा गेले. तासाभरानं परत आले ते हातात चहाचा कप असल्यासारखे गोड होऊन.

"भला माणूस हाय," हे म्हणाले. "जुन्या इमारतींचे फोटो काढतो. शेजारी मापाला माणूस लागतं. माणूस पाच फूट म्हणजे इमारत किती, ते फूटपट्टीनं काढतो. तुला नुसतं उभं ऱ्हायाचं हाय. पाठ करून."

"पाठ करून?"

"तोंड दाखवायचं न्हाय. तुझ्यासारखीला ह्याच्यापेक्षा चांगलं काम देवाला बी सुचलं नसतं."

असं हे सुरू झालं. दर शनिवारी. अण्णांना पंच्याहत्तरी झाली आणि एसटीनं त्यांना फुकट केलं, म्हणून ते पुन्हा फिरायला लागले होते. बायकांना अर्धं तिकीट. अण्णा प्रत्येक कंडक्टरला तीच गोष्ट सांगायचे, "एक फुकट आणि एक अर्धं. आमी दोघं मिळून अर्धं माणूस." कंडक्टर हसला नाही तर पुन्हा सांगायचे.

मला उभं राहण्याचे ते पैसे द्यायचे. मी नको म्हणाले तर म्हणाले, "फुकट उभं राहिलेलं माणूस हलतं. फुटाला दहा रुपये. तुमचे पन्नास." भाव कसा ठरवला कुणास ठाऊक. पण एका इमारतीला पन्नास म्हणजे पन्नास. त्यात कधी सूट नाही, कधी वाढ नाही.

कामाला शिस्त भारी. आधी इमारतीला प्रदक्षिणा. मग स्टँड उभा करायचा. मग डोक्यावर काळं कापड. कॅमेरा नव्या पद्धतीचा आहे, पण मागच्या काचेवर उन्हात काही दिसत नाही म्हणून कापड. गावातल्या पोरांना वाटायचं, फार जुनं यंत्र आहे. मला भिंतीला अगदी लागून उभं करायचे. "एक वीत जरी पुढं आला तर इमारत बुटकी होती, ताई. चिकटा. चिकटा भिंतीला." आणि मधेच घाई सुरू. ढग आला की अण्णांचं ठरलेलं वाक्य, "उजेडाला उधारी न्हाय!"

घरी येऊन फोटो छापायचे आणि त्यावर शाळेतली फूटपट्टी ठेवायची. मी दोन सेंटिमीटर, वैरागची कमान अकरा सेंटिमीटर, म्हणजे कमान साडेसत्तावीस फूट. हे सगळं एका जाड वहीत. वहीवर त्यांनी रंगीत शाईनं लिहिलं होतं, 'उंचीवही'. गावाचं नाव, इमारत, कुणी बांधली असं गावकरी सांगतात, आणि उंची. मी म्हणाले, "अण्णा, एवढं कशाला मोजायचं?" ते म्हणाले, "उद्या पडली तर? पडलेल्या माणसाला नाव तरी असतं. पडलेल्या भिंतीला निदान उंची असू द्या."

माझ्या माहेरहून सासरी येताना जेवढा जिल्हा दिसला होता, तेवढाच मला ठाऊक होता. अण्णांमुळं मंगळवेढा बघितलं, करमाळा बघितलं, भीमेच्या काठावरचे घाट बघितले. पाठमोरी का होईना, बघितले. भिंतीला नाक लावून उभं राहिलं की भिंत फार जवळून दिसते. एका दगडात कुणीतरी घोडा कोरला होता, माझ्या बोटाएवढा. तो अण्णांनाही माहीत नव्हता. मी दाखवला तर त्यांनी वहीत लिहिलं, 'घोडा, ताईंना सापडला.'

मग अण्णांनी समुद्र काढला. कोकणातल्या छोट्या बंदरांच्या गावात किल्ले आहेत, ते पाण्यात उतरलेले आहेत, त्यांची उंची कुणी आपल्यासारखी काढली नसणार, असं त्यांचं म्हणणं. विजयदुर्गला जायचं ठरलं. मुक्कामाचं म्हणून हे पण आले. कोल्हापूरला गाडी बदलून, घाट उतरून, पोटातलं सगळं वर आल्यावर पोहोचलो. ह्यांनी समुद्र बघितला आणि पहिलं वाक्य बोलले, "एवढं पाणी! आन आपल्या नळाला चार दिसाआड!"

ओहोटी होती. अण्णांनी मला बुरुजाच्या पायथ्याला उभं केलं, घोट्याएवढ्या पाण्यात. आणि स्वतः वाळूत गेले. पण लाटा फोटोत यायला लागल्या. अण्णा काळ्या कापडातून बाहेर येऊन समुद्राला म्हणाले, "जरा थांबा. एकच मिनिट." समुद्र थांबला नाही. "अहो, शांत बसा की!" नाहीच. तेव्हा त्यांनी पिशवीतून खुळखुळा काढला. स्टुडिओत रडणाऱ्या पोरांसाठी ठेवलेला, लाल-पिवळा. शहात्तर वर्षांचा माणूस समुद्रासमोर खुळखुळा वाजवतोय, म्हणून गावातली पोरं जमा झाली. हे तर वाळूत बसून डोळे पुसत होते. शेवटी अण्णांनी खुळखुळा पिशवीत टाकला. "असलं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत बघितलं न्हाय," म्हणाले, आणि लाटांसकट फोटो काढला.

ह्या सगळ्यात मी मात्र भिंतीकडं तोंड करून. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा समुद्राला आले आणि अर्धा तास भिंत बघितली. काम संपल्यावर अण्णा म्हणाले, "ताई, आता वळा. कॅमेरा मिटलाय." आणि स्वतः किल्ल्याकडं तोंड करून उभे राहिले. ह्यांनाही त्यांनी दंडाला धरून वळवलं. म्हणजे मी समुद्राकडं बघत असताना माझ्याकडं कुणी बघू नये. मी किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही. पाय वाळूत रुतले होते. अजून कधी भाकरी भाजताना धूर डोळ्यात गेला की मी ते पाणी आठवते.

आता जे झालं ते.

आमच्या भागात तपासणीचं शिबिर होतं. रक्त, साखर, वजन, उंची. नर्सनं मला पट्टीला टेकवून उभं केलं आणि कागदावर लिहिलं, चार फूट नऊ इंच.

"असं कसं? मी पाच फूट हाय."

"चार नऊ, मावशी."

"पुन्हा बघा की."

तिनं माझा अंबाडा दाबून पुन्हा बघितलं. चार नऊच. "वयानं माणूस थोडं खचतं," ती म्हणाली. पण तीन इंच कोण खचतं?

घरी आले ती सरळ ह्यांच्यासमोर उभी राहिले. "माझी उंची किती हो?"

"चार नऊ-दहा असंल."

"पाच फूट न्हाय?"

"छ्या! ते तुझ्या मामानं बघायच्या कार्यक्रमात सांगितलं होतं. आमच्या आईला उंच सून पायजे होती. मला लग्नातच कळलं की. अंतरपाट धरला तवा सगळ्यांच्या सुना वरून दिसतात, तुझा मुंडावळ्यांचा शेंडा बी दिसंना."

"मग तवा बोलला का न्हाईत?"

"काय बोलू? माझं बी वय दोन वर्सांनी कमी सांगितलं होतं. फिटंफाट झाली म्हणलं."

ह्यांना हसू येत होतं. मला घाम फुटला. मामानं लग्न जमवायला तीन इंच वाढवले. मी पस्तीस वर्षं ते खरे मानले. आणि त्या तीन इंचांनी दोनशे बारा इमारती चुकवल्या. वैरागची कमान चुकली. विजयदुर्गचा बुरूज चुकला. भीमेचे घाट चुकले. जिथं जिथं मी उभी राहिले, तिथं तिथं मामाचा खोटेपणा उभा राहिला.

आणि नेमकं आठच दिवसांनी आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी, रेणुका तिचं नाव, उंचीवही बघायला येणार होती. जुन्या इमारतींचा अभ्यास करते. वहीची नक्कल काढून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवणार होती. अण्णांनी तिच्यासाठी नवीन शर्ट शिवायला टाकला होता. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आपली वही कॉलेजात चालली."

सांगितलं नाही तर ती मुलगी एखादी कमान मोजणार आणि अण्णांचं हसं होणार. सांगितलं तर अण्णा मला पुन्हा कधी उभं करणार नाहीत. खोटं माप कोण वापरतं? बाजारात वजनात खोट सापडली तर लोक दुकान सोडतात. माझे शनिवार जातील ह्याची मला भीती होती, हे मी इथं लिहिते, तेव्हा मी कुणालाच बोलले नाही.

दोन दिवस भाकरी करपल्या. तिसऱ्या दिवशी हिशोब केला. फुटाला दहा, म्हणजे तीन इंचांचे अडीच रुपये. दर इमारतीला अडीच रुपये मी माझ्याजवळ नसलेल्या उंचीचे घेतले होते. आमच्या वेळी शाळेत अडीचकी पाठ करून घ्यायचे, ती अजून येते. दोनशे बारा अडीचके पाचशे तीस. डब्यात तीनशे होते. ते घेऊन दुपारी स्टुडिओत गेले.

"अण्णा, एक सांगायचंय."

"सांगा की. भाकरी महागली काय?"

"माझी उंची चुकलीया."

ते भिंग पुसत होते. "म्हणजे?"

"मी पाच फूट न्हाय. चार फूट नऊ इंच हाय. लग्नात मामानं वाढवून सांगितलं, मला वाटलं खरंच हाय."

अण्णांनी भिंग ठेवलं. ड्रॉवरमधून टेप काढली. मला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली, तीही अंग चोरून, हात लागू न देता. मोजलं. पुन्हा मोजलं. मग स्टुलावर बसले, गिऱ्हाईक बसतं त्या.

"दोनशे बारा," एवढंच म्हणाले.

मी तीनशे रुपये काउंटरवर ठेवले. "तीन इंचांचे अडीच रुपये दर वेळी जास्ती घेतलेत मी. पाचशे तीस होतात. हे तीनशे. दोनशे तीस पुढल्या हप्त्यात देते."

त्यांनी पैशांकडं बघितलंही नाही. "ताई, तुमी जावा आता."

मी पायरी उतरले आणि मागं शटर पडलं. फिरतीचे दिवस सोडले तर चाळीस वर्षांत भर दुपारी ते शटर पडलेलं कुणी बघितलं नव्हतं.

चार दिवस ते वर गेलं नाही. मी पाटी घेऊन रोज त्याच वाटेनं जायची, शटरकडं न बघता. चौथ्या दिवशी हे काठी टेकत गेले आणि शटरला कान लावून आले.

"आत हायेत. पानं उलटल्याचा आवाज येतोय."

"काय म्हणाले?"

"मी हाक मारली तर म्हणाले, उजेड हाय तवर बोलू नका."

रेणुका यायची होती त्या दिवशी मी जाणारच नव्हते. ह्यांनी माझी पाटी उचलून दारात ठेवली. "बुटकी हायेस ते देवानं केलं. भित्री होऊ नको, ते तुझं तुझ्याकडं हाय."

शटर उघडं होतं. अण्णा नव्या शर्टात उभे होते, दाढी मात्र राहून गेली होती. रेणुका हातात छोटं यंत्र घेऊन आलेली, लाल ठिपका टाकून लांबी मोजणारं. मी दाराच्या आडोशाला थांबले. अण्णांनी वही तिच्यासमोर ठेवली आणि त्यावर हात ठेवूनच बोलले.

"पोरी, उघडायच्या आधी एक ऐक. ह्यात दोनशे बारा इमारती हायेत आन सगळ्या मी उंच सांगितल्या होत्या. वीस फुटाला एक फूट जास्ती. अख्खा जिल्हा फुगवला होता. कोकण पण. आता सगळा खाली आणलाय. चूक माझी."

माझ्यानं राहवलं नाही. दाराआडून म्हणाले, "चूक माझी हाय. मीच खोटी उंची सांगितली."

अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मापाची जबाबदारी मोजणाऱ्याची. उभं राहणाऱ्याची न्हाय. मी टेप लावली न्हाय. परक्या बाईला टेप कशी लावायची म्हणून लाजलो. लाजणाऱ्या बाईला लाजणारा फोटोग्राफर मिळाला, त्याला इमारतींनी काय करायचं?"

रेणुका खळखळून हसली. वही उघडली तर प्रत्येक पानावर जुना आकडा लाल रेघेनं खोडलेला, खाली नवा. साडेसत्तावीस खोडून सव्वीस फूट दीड इंच. दोनशे बारा वेळा. ती बराच वेळ पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, एखादं मोजून बघू या का?"

रिक्षानं भुईकोट किल्ल्यावर गेलो. तिनं एका बुरुजावर लाल ठिपका टाकला. यंत्रावरचा आकडा आणि वहीतला नवा आकडा ह्यांत चार इंचांचा फरक आला.

"चार इंच!" ती म्हणाली. "नुसत्या फूटपट्टीवर?"

"फूटपट्टीवर आन ताईवर," अण्णा म्हणाले. "आन ते चार इंच तुझ्या यंत्राचे हायेत. कंपनीला कळव."

जाताना तिनं विचारलं की पहिल्या पानावर कुणाकुणाची नावं घालायची. अण्णांनी पेन घेऊन स्वतः लिहिलं. छायाचित्रं, त्यांचं नाव. खाली लिहिलं, 'माप', आणि माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. पुढं कंसात 'चार फूट नऊ इंच, टेप लावून'. माझं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं आहे ते पुष्कळ झालं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोडलं तर माझं नाव कुठं लिहिलेलं मला आठवत नाही.

ती गेल्यावर मी पाटी उचलली. अण्णा म्हणाले, "थांबा. चार दिवस दुकान बंद ठेवलं ते रागानं न्हाय. वही सुधारायला दोनच दिवस लागले. दोन दिवस ह्यात गेले."

काउंटरखालून त्यांनी दुसरी वही काढली. जुनी, पुठ्ठा सुटलेला. त्यात त्याच कमानी, त्याच बारवा, पण कमी पडझड झालेल्या. आणि प्रत्येकीच्या शेजारी एक बाई पाठमोरी. आधी कंबरेपर्यंत वेणी. पुढच्या पानांवर अंबाडा. शेवटी पांढरा अंबाडा.

"शांता," अण्णा म्हणाले. "आमची. पाच फूट एक इंच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मोजली होती. हसत होती, म्हणून दोनदा मोजायला लागली."

मला ह्या बाईंबद्दल काही माहीत नव्हतं. त्या गेल्या आणि अण्णांनी सहा वर्षं कुठल्याच इमारतीचा फोटो काढला नव्हता, हेही तेव्हाच कळलं.

"तीस वर्षं हिला ओरडत आलो," ते म्हणाले. "वळू नको. माणसाचं तोंड दिसलं की बघणारा इमारत बघत न्हाय, तोंडच बघतो. सोलापुरातल्या निम्म्या माणसांची तोंडं माझ्याकडं हायेत. हिची पाठ हाय."

मग वहीच्या मागून एक पाकीट काढलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात 'रद्द'. आत एकच फोटो. बारवेच्या पायरीवर ती बाई वळलेली. वाऱ्यानं पदर उडाला होता, तो एका हातानं धरून ती हसत होती, अगदी आपल्याकडं बघून. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'तोंड आलं. पुन्हा घेणे.'

"घेतला पुन्हा," अण्णा म्हणाले. "पाठमोरा. ह्याच वहीत हाय. एकदम बरोबर आलाय."

बाहेर रिक्षावाले भांडत होते. अण्णांनी पाकीट मिटलं नाही, फोटो आरशाच्या कडेला खोचला, कंगव्याच्या वर.

थोड्या वेळानं म्हणाले, "तुमचा एक काढू काय? इमारतीशिवाय. घरी लावा, न्हाईतर पेटीत ठेवा."

आधारकार्डाच्या फोटोला मी डोळे मिटले होते, चार वेळा काढावा लागला होता. पण मी स्टुलावर बसले. पदर सारखा केला. अण्णा कॅमेऱ्यामागं गेले, आणि मी मान वर करून बघितलं. मला वाटतं, मी हसलेसुद्धा असेन.

"ह्याचे पैसे?" मी विचारलं.

"हितं माप न्हाय. पैसे न्हाईत. शनिवारी बार्शीची गाडी सातला हाय, उशीर करू नका. आन आता तुमचे साडेसत्तेचाळीस."

पुढच्या आठवड्यात नवी पेठेतल्या दुकानानं भाकरीचे पैसे दिले. मी दोनशे तीस वेगळे काढले. हे म्हणाले, "ते घ्यायचे न्हाईत बघ. हात जोडून परत देतील." गल्लीतल्या बायाही तेच म्हणाल्या. आणि मला नेमकी त्याचीच धास्ती होती. गरिबाचे पैसे परत करणारी भली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. त्यांचे उपकार होतात, पण आपण मग कायमचं खालच्या पायरीवर उभं राहतो.

अण्णांनी पैसे घेतले. थुंकी न लावता मोजले. ड्रॉवर उघडला, त्यात माझे तीनशे वेगळे ठेवलेले होते, रबर लावून. दोन्ही एकत्र केले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी त्यांच्याकडं सरळ बघत होते.

"पाचशे तीस," अण्णा म्हणाले. "बरोबर हाय."

ड्रॉवर लावला. मी पाटी डोक्यावर घेतली आणि पायरी उतरले. दोनशे बारा इमारतींचे तीन-तीन इंच पुरते फिटले.